तीन पाण्यांनी धुतलेली मुळी

डॉ. महादेवप्पांनी अंडं बल्बसमोर धरलं आणि दोन बोटांनी हळूच फिरवलं. आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं. दिसला तो तळाशी बसलेला काळा डाग.

"मेलं."

"धाच्या धा, सायेब," प्रयोगशाळेचा शिपाई धोंडीराम म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. मेलेली अंडी पुरायचं काम त्याच्याकडे असे, आणि हा महिन्यातला चौथा खड्डा होता.

डॉक्टर घरी अंड्याला शिवत नसत. अंडी खाणाऱ्यांची त्यांना किळस होती. कॉलेजात मात्र ते अंड्यातल्या जिवंत पिलाला कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू टोचत, मग औषध टोचत आणि कोण जगतं ते पाहत. बहात्तर साली मायाक्का नावाच्या धनगरणीनं दिलेल्या मुळीच्या अर्कानं दहातली नऊ पिलं जगली होती. मेंढरांना देवी आल्या की ती हीच मुळी उगाळून पाजायची. डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला, तो छापून आला, आणि सोलापुरात विषाणूवर औषध निघालं म्हणून त्यांना दोन हार पडले. निबंधात मायाक्काचं नाव नव्हतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईचं नाव विज्ञानात कुठं घालायचं?

आता तीन वर्षांनी पुण्याहून समितीचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर पिलं जगली, तर औषध मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होतं. मेली, तर सगळंच बंद. आणि झाडं तीच, डोंगर तोच, तरी पिलं मरत होती.

शेवटी डॉक्टर धोंडीरामच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून अक्कलकोट रोडपलीकडच्या माळावर गेले. वाटेत यंत्रमागावरून सुटलेले कामगार हसले, तेव्हा त्यांनी टाय सारखा केला.

मायाक्का पालापुढं लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई, तू मागं दिलेली मुळी खरी होती का?"

"खोटी मुळी कशी असती रं? हितं काय कारखाना हाय?"

"मग आता गुण का येत नाही?"

"काय करतुस तिचं?"

डॉक्टरांनी जरा ताठ होऊन सांगितलं. मुळी आणायची, वाहत्या पाण्याखाली तीनदा स्वच्छ धुवायची, वाळवायची...

मायाक्काचा हात थांबला.

"धुतलीस?"

"अर्थात. केवढी घाण असते तिच्यावर."

"आरं, ती काळी बुरशी म्हंजेच औशीद की! मुळी नुसती दांडी हाय तिची." तिनं पालाकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "फुलाबाई, ये गं भायेर! शिकल्याला माणूस बघायचा आसला तर ये. दूध वतून देऊन चरवी उकळीत बसलंय."

फुलाबाई आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून परत गेली. तरी निघताना मायाक्कानं पसाभर मुळ्या डॉक्टरांच्या रुमालात बांधून दिल्या. काळ्याकुट्ट, न धुतलेल्या.

परत येताना डॉक्टरांनी रुमालाची गाठ सोडून मुळ्या पाहिल्या. मग म्हणाले,

"धोंडीराम, बहात्तर साली तूच वाटली होतीस ना? धुतली नव्हतीस?"

"कशानं धुऊ, सायेब? दुष्काळ हुता. नळ कोरडा ठाक. तुमीच म्हणला की, तशीच वाट."

डॉक्टरांना आठवलं. निबंधातलं वाक्यही आठवलं. मुळ्या वाहत्या पाण्याखाली तीनदा धुतल्या. ज्या वर्षी सोलापुरात पाणी टँकरनं यायचं, त्या वर्षी. इतरांच्या निबंधांत ते वाक्य असायचं, म्हणून ह्यांनीही घातलं होतं.

सोमवारी परीक्षक आले. टेबलावर रुमाल सोडलेला होता. डॉक्टरांनी न धुता मुळ्या खलात टाकल्या, तसा परीक्षकांनी चष्मा चढवून छापील निबंध उघडला.

"थांबा. इथं तीनदा धुतल्याचं लिहिलंय."

"हो, म्हणजे... यंदा जरा वेगळ्या पद्धतीनं..."

"वेगळी कशाला? तुम्ही लिहिलंय ते खरं आहे ना? तसंच करा."

धोंडीराम डॉक्टरांकडं बघत राहिला. डॉक्टरांनी तोंड उघडलं. भिंतीवर हारासह काढलेला त्यांचा फोटो होता. तोंड मिटलं. त्यांनी मुळ्या खलातून वेचून घेतल्या आणि नळ सोडला. यंदा पाणी भरपूर होतं.

एकदा. दोनदा. तीनदा. बेसिनमधून शाईसारखं काळं पाणी चाललं. परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला.

"बापरे, काय ही घाण!"

"अडाणी माणसं हो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मुळ्या चौथ्यांदा धुवायला घेतल्या.