सायलोत अडकलेली माशी

घोरपड आत उतरायच्या आधी माशी आत जाणार, हे ताईने सुपरवायझरकडून कबूल करून घेतलं होतं, आणि त्या एका कबुलीसाठी तिने बरेच दिवस त्या भल्या माणसाचं डोकं खाल्लं होतं.

घोरपड म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोराला लोंबकळून उंच चिमण्या, टाक्या आणि सायलो साफ करायचं त्याचं काम. भिंतीला असा चिकटायचा की कारखान्यातल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं, आणि नाव इतकं चपखल बसलं की घरचेही खरं नाव विसरले. माशी म्हणजे ताईचा ड्रोन. थाळीएवढा, चारी पंखांभोवती काळी जाळी, पुढे कॅमेरा आणि दोन दिवे. आजवर त्याने मोकळ्या आकाशात शेतं मोजली होती, लग्नं टिपली होती. आज पहिल्यांदा तो काँक्रीटच्या पोटात शिरणार होता.

रिकामा सायलो म्हणजे नुसतं म्हणायला रिकामा. वरून सिमेंट ओतायचं, खालून काढायचं, मध्ये हा भलामोठा काँक्रीटचा गोल मनोरा. कुठूनतरी ओल शिरते, सिमेंट भिंतीला धरतं, थरावर थर चढत जातो. मग कुणीतरी वरच्या झाकणातून दोरावर उतरायचं आणि पहारीने तो थर फोडायचा. तो किती जाड आहे, कुठे पोकळ आहे, हे आत गेल्यावर डोक्यावरच्या दिव्यात दिसेल तेवढंच कळायचं. आपल्या भावाने असं आंधळेपणाने आत उतरू नये, एवढंच ताईचं मागणं होतं. ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हती. 'नवं तंत्रज्ञान' वगैरे म्हणत होती.

"उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे तुझा," भाऊ म्हणाला. तो दोर तपासत पायरीवर बसला होता. "आम्ही भिंत हाताने बघतो."

"हाताने बघायच्या आधी डोळ्याने बघ. देवाने दोन दिलेत."

"आणि तुझ्या माशीला?"

"एकच. पण उघडा ठेवते."

सकाळी अंगणात ताईने लोकांना माशीची करामत दाखवली होती. खरं तर काही गरज नव्हती. पण पाच-सात कामगार जमले, कुणीतरी म्हणालं, हरवली तर काय करणार, आणि ताईला चेव आला. तिने माशी शेडच्या पलीकडे धाडली आणि सरळ रिमोट बंद केला. माशी आपली आपण आणखी उंच चढली, लांबून वळून आली आणि नेमकी तिच्या पायाशी उतरली. टाळ्या पडल्या. ताईने मान अशी हलवली, जणू हे रोजचंच आहे.

मग ती सायलोच्या तळाशी असलेल्या लोखंडी दाराशी बसली. भाऊ मागे उभा राहिला, कारण कितीही टोमणे मारले तरी बघायचं त्यालाही होतंच.

"आत काय अडचण येते?" त्याने विचारलं.

"आत उपग्रह दिसत नाहीत, म्हणजे आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही. काँक्रीटमधल्या सळ्या होकायंत्राला वेड लावतात. पंखांच्या वाऱ्याने भिंतीवरची धूळ उडते आणि कॅमेरा आंधळा होतो. मध्ये काही जाड आलं तर माझं सांगणं तिच्यापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच की. मला निदान भूक तरी लागते."

माशी दारातून आत गेली. गुणगुण एकदम दसपट झाली. गोल भिंतींवरून घुमून ती ताईच्या छातीत शिरली, आणि पडद्यावर तो करडा, थंड, कुणी न पाहिलेला आतला देखावा उघडला. तिला लहानपणी जत्रेत आकाशपाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं. धूळ उडाली की ती थांबायची, बसली की पुढे जायची. भिंतीवर काँक्रीट ओततानाच्या फळ्यांच्या आडव्या रेघा एकामागून एक खाली सरकत होत्या.

"ते बघ," भाऊ तिच्या खांद्यावर वाकला. टोमणे कुठल्या कुठे गेले होते. "ते पोट बघ."

छताच्या थोडं खाली एका बाजूला सिमेंटचा थर भिंतीतून पोट सुटल्यासारखा बाहेर आला होता. वरचा भाग छतापर्यंत पोचलेला, मध्ये एक खोल घडी.

"बापरे. हा मला वरून दिसलाच नसता," तो म्हणाला.

हे ऐकायला ताई महिनाभर तरसली होती. आता तिला त्या घडीतही डोकावायचं होतं. तिने माशी पोटाला वळसा घालून वर नेली. पडदा हलला, तुटला आणि गोठला.

ताई आणि माशी यांच्यामध्ये तो सगळा थर आला होता.

"काही नाही, थांबेल जागच्या जागी," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या तोंडचं पाणी पळालं. माशी थांबणार नव्हती. सकाळी मिरवताना तिने 'हरवलीस तर उंच चढ आणि परत ये' असं तिला शिकवून ठेवलं होतं, आणि ते बदलायचं ती साफ विसरली होती. मोकळ्या आकाशात उंच चढायला जागा असते. इथे वर छत होतं. आतून एक ठोका आला, मग खडखड, मग काहीच नाही.

तिला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. चारचौघांत हुशारी दाखवायच्या नादात अख्खं काम मातीत घातलं होतं. भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याने एका शब्दानेही चिडवलं नाही, आणि तिथेच ताईला धोका कळायला हवा होता.

"वर चल. वरून तरी तिचं काही दिसतं का बघू," तो म्हणाला आणि जिना चढायला लागला.

ती धापा टाकत छतावर पोचली तेव्हा त्याने झाकण उघडलं होतं, दोर बांधला होता, पट्टा आवळला होता आणि पाय आत सोडून काठावर बसला होता. सुपरवायझर वॉकीटॉकी घेऊन शेजारी उभा होता.

"हाताच्या अंतरावर आहे, ताई. घडीत जाऊन पडलीय. दिवे चालू आहेत. गेलो आणि आलो."

"काही नको. राहू दे ती तिथेच."

"रडवेली झालीस की मघाशी. मी काय नवखा आहे? थराला बोटही लावत नाही."

ताईला हसावं की रडावं कळेना. हा आत जाऊ नये म्हणून जी माशी आणली, तिच्यासाठीच हा आत चालला होता.

तेवढ्यात हातातला पडदा उजळला. झाकणातून वाट मोकळी होती, माशीचं चित्र पुन्हा यायला लागलं होतं. ती पाठीवर पडली होती, पंख मोडलेले, पण कॅमेरा शाबूत. चित्रात खाली थराची खडबडीत कड, पलीकडे भिंत, आणि वरच्या कोपऱ्यात उजेडाचा गोल. त्या गोलात दोन बूट लोंबकळत होते.

"तुझे बूट दिसतायत," ताईला हसू आलं. "डावा फाटलाय."

"माहितीय. बायको रोज सांगते."

सुपरवायझरही वाकून बघायला लागला. ताई त्या बुटांकडे बघत राहिली. बूट हळूहळू पडद्याच्या वरच्या कडेकडे सरकत होते.

"पाय हलवू नकोस," ती म्हणाली.

"हलवत नाहीये."

तिने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच दगडासारखा बसला होता. तिने पुन्हा पडद्यात पाहिलं. बूट आणखी वर गेले होते. भिंतीवरच्या रेघाही वर चालल्या होत्या.

"माशी घसरत असेल, मॅडम," सुपरवायझर म्हणाला.

ती घसरत असती तर समोरची थराची कडही सरकली असती. कड मात्र चित्रात जिथल्या तिथे होती. माशी आणि थर एकमेकांना धरून होते, आणि बाकीचं सगळं जग वर चाललं होतं. म्हणजे थरच भिंतीपासून सुटून पुढे कलत होता. उडत्या कॅमेऱ्यात सगळंच हलतं, तिथे हे कधीच दिसलं नसतं. पडलेल्या कॅमेऱ्यात दिसत होतं.

हे सगळं समजावून सांगण्यात ताईने वेळ घालवला नाही. "खालच्या दारापासून सगळ्यांना लांब करा," असं सुपरवायझरला सांगत तिने एका हाताने भावाचा पट्टा पाठीमागून धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तो तिच्यापेक्षा दीडपट जड. तरी तो मागे आला, उताणा, तिच्या अंगावर, शिवी देत.

शिवी अर्धीच राहिली. छत हादरलं. आतून असा आवाज आला की तो कानांनी नाही, दातांनी ऐकला, आणि झाकणातून करड्या धुळीचा खांब सरळ वर उठला. ते दोघे तसेच पडून राहिले. सुपरवायझर वॉकीटॉकीत पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, सगळे बाजूला आहात ना. अखेर खालून उत्तर आलं, की सगळे आहेत, कुणाला खरचटलंही नाही. तेव्हा तो होता तिथेच खाली बसला.

धूळ बसल्यावर तिघेही पांढरेफटक होते. ताईच्या अंगात वीज शिरल्यासारखी झाली होती. ती भराभर बोलत होती. "पाहिलंस? मी बघितलं, कळलं का, तो पडायच्या आधी बघितलं मी. माझ्या माशीने बघितलं." तिला नाचावंसं वाटत होतं.

"दाखव," भाऊ म्हणाला.

चित्रीकरण रिमोटमध्ये शिल्लक होतं. तिने ते मागे नेऊन लावलं. उजेडाच्या गोलात दोन बूट, डावा फाटका. ते सावकाश वर सरकतात. मग झटक्यात नाहीसे होतात. गोल रिकामा होतो न होतो तोच गरकन फिरतो, लहान होतो, लांब जातो, आणि पडदा काळा.

त्याला वाटलं होतं, ताईने त्याला ओढणं आणि थर कोसळणं यांच्यामध्ये बराच वेळ गेला असेल. मध्ये वेळ नव्हताच.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. तिने लावलं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही.

मग तो हळूच म्हणाला, "ताई, पट्टा सोड आता."

तिने खाली पाहिलं. तिची डावी मूठ अजून त्याच्या पाठीमागच्या पट्ट्यात तशीच होती. सगळं चित्रीकरण तिने एकाच हाताने लावलं होतं. तिने सोडायचा प्रयत्न केला, बोटं उघडेनात. मग त्याने हात मागे नेऊन चाचपडत तिचं एकेक बोट सोडवलं, आणि सगळी सोडवून झाल्यावरही तो तिचा हात धरून तसाच बसून राहिला.