नळीचं तेल

तिसरा घाणा सोडला तेव्हाच रूपीला वाटलं, आज तेल जरा जास्तच फेसाळतंय. वासही नेहमीचा नव्हता. पण लेक तानी सातव्या महिन्यात रानशेतहून माहेरी आली होती, उडदाचे वडे मागत होती, आणि घरातलं तेल संपलं होतं. फळीवर सून संगितानं आणलेली बाटली होती. रूपीनं तीच कढईत ओतली.

तलासरीला हायवेलगत बागेच्या नळ्या बनवायचा कारखाना आहे. संगिता तिथं मशीनवर असते. नळी वाकावी म्हणून प्लास्टिकच्या पावडरीत एक तेल घालतात. जुनं तेल अंगाला बरं नाही, गरोदर बाईला तर नाहीच, म्हणून मालक यतीन सरांनी यंदा नवं आणायला सुरुवात केली होती. महिनाभर संगिताच्या तोंडी तेच. "सोयाबीनपासून करतात, आये. यतीन सरांनी आमच्यासमोर बोट बुडवून चाटलं." दाराच्या बिजागऱ्या करकरतात म्हणून तिनं त्यातलंच बाटलीभर आणलं होतं. रूपीच्या डोक्यात एवढंच राहिलं, सोयाबीनचं तेल.

दुपारी पाळी संपवून संगिता आली. तानी पडवीत बसून खात होती.

"ये वहिनी. तुझ्या सासूचा हात आज सैल सुटलाय. मी सासरी परत गेले की तुला कोरडी भाकरी मिळेल, आत्ताच खाऊन घे."

संगिता हसत आत आली. चुलीजवळ रिकामी बाटली दिसली आणि ती तिथंच थांबली.

"आये, हे वडे कशात तळलेस?"

"तुझ्याच तेलात."

संगितानं बाटली उचलून हुंगली. बूच लावायला गेली तर ते हातातून निसटलं. याच पोरीनं मागल्या साली काठीनं घोणस मारली होती, तेव्हा तिचा हात चुकला नव्हता. 

"किती खाल्ले तिनं?"

"सात-आठ. का गं? तूच म्हणालीस, चालतं."

"नळीत चालतं, आये. खायचं नाही ते." संगितानं आवाज खाली आणला. "आणि हे नवंच आहे की जुनं, ते मला माहीत नाही. मापाच्या भांड्यातून घेतलं मी. अर्ध्या मशीनी अजून जुन्या तेलावर आहेत, भांडं दोन्हींना एकच. दोन्ही तेलं दिसायला सारखी."

रूपी खाली बसली. बसल्या बसल्या आठवलं आणि ताडकन उठली. सकाळी लाडकीची उसनी वाटी तिनं याच बाटलीतून फेडली होती.

लाडकीचं घर चार घरं सोडून. ती दारातच तांदूळ निवडत होती.

"एवढ्यात परत मागायला आलीस? वाटी तरी घराला ओळखू दे."

"तेल वापरलंस?"

"नाही अजून. काय झालं?"

रूपीनं आत जाऊन वाटी उचलली. पदराखाली धरून ती परत निघाली. वाटेत एकच विचार. तानीला सांगितलं तर ती घाबरून अर्धी होईल. नाही सांगितलं तर? उलटी नाही, चक्कर नाही, हसतेय पोर. कदाचित काहीच होणार नाही. गप्प बसलं तर संगिताचं कामही राहील. कारखान्यातून वस्तू बाहेर नेली की घरी बसवतात, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

पडवीत तानीनं पुढचा वडा उचलला होता.

"ठेव तो," रूपी म्हणाली. "तानी, ठेव. मी तुला चुकीच्या तेलात तळून घातलंय."

तानीला आधी थट्टा वाटली. मग तिनं आईचं तोंड पाहिलं आणि दोन्ही हात पोटावर घेतले.

रिक्षानं तिघी वाटी घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी वाटी उजेडाकडे धरली. "तेलाचं नाव काय?"

 संगितानं फोन काढला.

"सर, मी संगिता. कारखान्यातलं तेल मी घरी नेलं होतं. न विचारता. ते खाण्यात गेलं. माझी नणंद गरोदर आहे."

 यतीन सरांनी विचारलं, "कधी भरलंस?"

"सोमवारी. तीन नंबरच्या मशीनवर."

"सोमवारी तिथं नवं घातलं. पण भांडं भरतात ती टाकी धुतली नव्हती. तळाला जुनं असणार." ते घाईनं पुढे म्हणाले, "डॉक्टरांना फोन दे. दोन्हींची नावं सांगतो. चाटून दाखवायला नको होतं मी."

नावं लिहून झाल्यावर डॉक्टरबाईंनी तानीच्या पोटावर यंत्र ठेवलं. खोलीत धावल्यासारखे ठोके ऐकू आले.

"ठोके ठीक आहेत. एकदाच गेलंय, थोडं गेलंय. आज इथं ठेवू. मग बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला दाखवायचं."

"बाळ बरं आहे ना?" तानीनं विचारलं.

"आज बरं आहे."

आज. रूपीनं मनात दिवस मोजले. अजून दोन महिने.

ती बाहेर नळावर गेली. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तरी बोटं एकमेकांवरून घसरतच होती. आत आली तर तानीनं हात पुढे केला.

"आये, इथं बस. इथं हात ठेव. मघापासून हललं नाही ते."

रूपीनं ओला हात लेकीच्या पोटावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला आणि श्वास रोखून बसली.