नेमसिंगचं पागोटं

भुरीबाईने डब्यातलं शतावरीचं चिमूटभर चूर्ण जिभेवर टाकलं आणि जयाकडे बघत गिळून घेतलं.

"हे पाय, मेली का मी?"

"याडी, थुक ते!" जया ओरडलीच. तांड्यावरच्या सगळ्याच वडीलधाऱ्या बायांना ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. तिच्या हातात प्रयोगशाळेचा कागद होता. घाटंजीच्या महिला गटासाठी ती तांड्यातांड्यांतून चूर्ण गोळा करायची, आधी तपासायला पाठवायची. बाकी सगळ्या बायांचं पास झालं. भुरीबाईच्या चूर्णात मात्र कपाशीवरच्या फवारणीचं विष निघालं, आणि नेमकं तेच बाळंतिणींना जायचं होतं.

"जंगलातली मुळी हाय माही. वावराच्या धुऱ्यावरच्या काडीले हात नाही लावत मी. इतकी वर्षं झाली, कोणाचं पोट तरी दुखलं काय?" भुरीबाई तणतणली. तिचा संताप खोटा नव्हता. औषध देणाऱ्या बाईचं नाव गेलं, तर मागे उरतं काय?

जयाने वाद घातला नाही.

"धुतली कुठं?"

"झऱ्यावर."

"अन् वाळवली कशावर?"

"कशावर म्हंजे? घरधन्याच्या पागोट्यावर! माह्या सासूनं तेच केलं, तिच्या सासूनं तेच. त्याबिगर गुण येते का मुळीले?"

तेवढ्यात तिचा नवरा नेमसिंग पाठीवर फवारणीचा पंप घेऊन अंगणात आला. नाकातोंडावरून गुंडाळलेलं पागोटं त्याने सोडलं. तांबड्या कापडावर ओले पांढुरके डाग पडले होते.

"डोकं लय ठणकून राह्यलं," म्हणत तो ओट्यावर टेकला आणि रोजच्या सवयीने हात पुढे केला. "दे वं तुहं चूर्ण."

भुरीबाईने डबा पदराआड घेतला.

"धुतो ना मी ते," ती जयाला हळूच म्हणाली. "दर खेपेले. साबण लावून."

"धुतल्यानं सारं नाही जात, याडी."

भुरीबाईने सगळा डबा जयाच्या पिशवीत पालथा केला. आता ती गटात राहू देण्याबद्दल विचारेल, असं जयाला वाटलं. काय उत्तर द्यायचं, तेही तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण भुरीबाई नवऱ्याजवळ गेली. त्याच्या कपाळावर पागोट्याचा वळ उठला होता, त्यावरून ती बोट फिरवत राहिली.

"काय झालं?" नेमसिंगने विचारलं.

ती जयाकडे वळली.

"जया," ती म्हणाली, "मुळी चार दिवस पडून होती त्याच्यावर, तं इतकं निघालं. यायनं एकोणीस वर्षं फवारताना ते डोक्याले बांधलं. यायले कुठं तपासते?"