डावीकडची हललेली आकृती

बाबांचा एकही धड फोटो आता घरात नाही, आणि हे काम मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय केलं. असो. आधी माझ्या कामाचं सांगतो.

मी ऑनलाइन दुकानांसाठी फोटो नीटनेटके करतो. बूट, उशा, पातेली. पातेलं तिरकं असेल तर सरळ करायचं, सावली उजळायची, कडेला नको ते आलं असेल तर कापायचं, धार वाढवायची, आकार बारीक करायचा म्हणजे फोनवर पटकन उघडतं. आणि त्याच नावाने, त्याच जागी, जुन्यावरच सेव्ह करायचं. आमच्या मालकांचा नियमच आहे, एका वस्तूची एकच फाइल. दोन दिसल्या की विचारतात, "का रे, पातेल्याला जुळं झालं?"

तोच हात घरी चालायचा. घरचे फोटो आई सगळ्या नातेवाइकांना पाठवायची आणि त्याआधी ते माझ्याकडे यायचे. "बघ रे जरा, माणसात आण," म्हणायची.

फोटो काढायचे बाबा. स्टुलावर डब्याला टेकवून फोन उभा करायचे, टायमर लावायचे आणि आमच्याकडे पळत यायचे. गुडघा कधीच कामातून गेलेला. त्यामुळे मी, आई आणि ताई लख्ख, आणि डाव्या कडेला एक हललेली आकृती, एक पाय हवेत. माझ्या व्यावसायिक नजरेला ती सहन व्हायची नाही. मी कापायचो.

बाबा फोटो बघायचे. "मस्त आलाय. मी कुठाय?"

"तुम्ही हललात, बाबा."

"मग बरोबर आहे," म्हणायचे, आणि पुढच्या वेळी आणखी जोरात पळायचे.

एकदा तर जवळजवळ पोचले. ताईच्या खांद्यावर हात आला होता. बाकीचे बाबा कापल्यावर तो हात बेवारस दिसायला लागला, म्हणून चाळीस मिनिटं बसून मी तो पुसला आणि खाली ताईच्या स्वेटरची वीण पुन्हा भरली. नमुना म्हणून मालकांना दाखवला. मालक खूश. "इथे कुणी होतं असं वाटतसुद्धा नाही," म्हणाले.

गेल्या मंगळवारी बाबा गेले. हृदय. डॉक्टरपर्यंतही पोचले नाहीत. चौथ्या दिवशी ताई म्हणाली, "सगळे विचारतायत. बाबांचा एक चांगलासा फोटो तयार कर, आई पाठवेल."

मी कॉम्प्युटर उघडला. सहा वर्षांचे दोनशे अकरा फोटो. सगळे सरळ, उजळ, धारदार. बाबा एकातही नाहीत. एका फोटोत कोपर होतं, पण नीट बघितलं तर ते खुर्चीचं निघालं.

"मूळचे असतील ना?" ताईने विचारलं.

"असतात. लोकांकडे."

"आणि फोनमध्ये?"

"फोन दरवर्षी रिकामा करायचं कामही माझंच होतं."

ताईने बाबांचं ओळखपत्र शोधून आणलं.

त्यावर एक फोटो होता, नखाएवढा. मोठा केला की बाबांचे चौकोन व्हायचे. मग लग्नातला काढला. आईने तो बराच वेळ हातात धरला. "पोरगा छान आहे रे. पण मला आत्ताचे दे. टक्कलवाले."

मग सांगावंच लागलं. आई चिडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून एकेक फोटो बघायला लागली. तेव्हा मला जे सहा वर्षं दिसलं नव्हतं ते दिसलं. प्रत्येक फोटोत ताई आणि मी समोर बघतोय, आणि आई डावीकडे, चौकटीबाहेर बघून हसतेय. मी तिच्यावर कितीदा वैतागलो होतो, अगं कॅमेऱ्यात बघत जा म्हणून.

"यात हे पडता पडता वाचले," आई म्हणाली. बोट फोटोच्या कडेवर, जिथे काहीच नव्हतं. "आणि यात ओरडत होते, थांब थांब, एवढ्यात घेऊ नकोस. जसा काही फोन ऐकणारच होता."

दोनशे अकरा झाल्यावर तिने चष्मा काढला. "कापलेलं जातं कुठे रे?"

सहा वर्षं या धंद्यात आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं. "फोटो कापायचं ॲप ज्यांचं, त्या कंपनीकडे असेल," मी ठोकून दिलं.

"मग माग की त्यांच्याकडे. नीट अर्ज लिही. आत्ता, माझ्यासमोर."

लिहिला.

प्रति, ग्राहक सेवा विभाग. विषय : छायाचित्रांच्या कापलेल्या डाव्या कडा परत मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराने आपल्या ॲपवर गेल्या सहा वर्षांत एकूण दोनशे अकरा छायाचित्रांची डावी कड स्वखुशीने कापली. प्रत्येक वेळी ॲपने 'नक्की?' असे विचारले होते व अर्जदाराने 'हो' म्हटले होते, त्यामुळे आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तरी सदर कडा आपल्या कार्यालयात कुठे पडून असल्यास आहे त्या स्थितीत परत कराव्यात. उजळू नयेत, सरळ करू नयेत, आकार कमी करू नये. माणूस हललेला असल्यास हरकत नाही. पोच द्यायला आई दिवसभर घरी आहे.