नवस त्यांचा, राजीनामा माझा

माझे सासरे देवमाणूस आहेत, असं सगळी गल्ली म्हणते. म्हणो बापडी. गल्लीचं काय जातंय? गल्लीला राजीनामा द्यावा लागला नाही.

अकरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासते. म्हणजे, घासत होते. भिंग फ्रेमच्या मापाला आणायचं, कडा गुळगुळीत करायची. केसाएवढी चूक झाली तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. मिजास म्हणा हवं तर, पण आमच्या दुकानात हे काम माझ्याइतकं कोणालाच जमत नाही. ते मी सोडलं, कारण माझी मुलगी अडीच वर्षांची झाली आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हती.

थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, दिवसभर कोणीतरी तिच्याशी बोलायला हवं. खेळताना बोला, चित्रांची पुस्तकं वाचा, तिच्या मागे लागू नका. पण दिवसभर घरात कोण? सासरे. आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "देव आहे ना. तो बोलवेल तिला." अहो, देवाला दुसरी कामं नाहीत का? नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तो फोनवर म्हणायचा, "मीपण उशिराच बोलायला लागलो." अजूनही फारसा लागलेला नाही, ते सोडा.

मग उरले मी. कामावरून आले की हात धुवायचे, ढबीला समोर बसवायचं आणि पुठ्ठ्याचं पुस्तक उघडायचं. ढबी हे तिचं लाडाचं नाव, गालांवरून पडलेलं. "हे काय? बदक. म्हण, बदक." ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. "अगं म्हण ना! एवढंसुद्धा येत नाही का तुला?" की ती पुस्तक मिटून टाकायची. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन भाजी चिरायला बसायचे.

रविवारी राजीनामा लिहायला घेतला तर पेन सापडेना. सासऱ्यांनी खिशातलं दिलं. टोपण काढून दिलं!

"काय लिहितेस?"

"राजीनामा. ढबीसाठी घरी राहते."

ते देवापुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटलं असेल.

सोमवारी मालकांनी कागद वाचला, "तुझी मर्जी" म्हणाले आणि दुपारच्या आत माझ्या मशीनवर दुसरी बाई बसवली. मी डबा न उघडताच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासऱ्यांची जेवणाआधीची प्रार्थना चालली होती. ती त्यांनी स्वतःच जुळवलेली आहे.

"देवा, सगळ्यांना पोटभर..." ते अडखळले.

"दे!"

माझी एक चप्पल पायातच राहिली.

"गाडीवरच्या बाबाला नीट..."

"ठेव!"

"आणि आईला लवकर घरी..."

"आण!" ढबीने टाळी वाजवली. मग मांडीवरचं पुस्तक उघडून म्हणाली, "बदक, ये. जेव."

आनंद व्हायला हवा होता ना? झाला, एक क्षणभर. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"कधीपासून बोलतेय ही?"

सासरे दचकले. "अठरा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"नवस बोललो होतो गं. ती बोलायला लागली की एकवीस दिवस कोणाला सांगणार नाही म्हणून. आधी सांगितलं तर देव दिलेलं परत घेतो, माझी आई सांगायची. तीनच दिवस राहिले होते."

"तीन दिवस! आणि काल पेन दिलंत ते? टोपण काढून?"

"मला वाटलं, तू लिहिशील, पण लगेच देणार नाहीस."

"तुम्हाला वाटलं! नवस तुम्ही बोललात आणि फेडला कोणी? मी! अकरा वर्षांचं काम गेलं माझं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे देवाने दिलं आणि तुम्ही दडवून ठेवलंत! माझ्या लेकीचा पहिला शब्द होता तो. माझा होता!"

म्हातारा हळूच म्हणाला, "मी काही शिकवलं नाही तिला. मला हल्ली शब्द आठवत नाहीत. मी थांबतो आणि ती सांगते."

हे ऐकून तर मी आणखीच भडकले. कारण थेरपीवाल्या बाई घसा फोडून हेच सांगत होत्या, मागे लागू नका, आणि मी ते ऐकलं नव्हतं. स्वतःचा राग आला की तो समोरच्यावरच निघतो. सासऱ्यांना मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. गल्लीने ऐकलंय, तिला विचारा.

ढबी सासऱ्यांच्या पायामागे गेली. त्यांचं धोतर ओढून म्हणाली, "आबा, आई ओरडते."

मी समोर दिसत असताना ती पहिल्यांदा बोलली, आणि काय बोलली तर हे.

"हो," मी म्हणाले. चढलेला आवाज काही लगेच उतरत नाही. "आई आबांवर ओरडते."

तिने थोडा विचार केला. "बदकावर?"

"नाही, बदकावर नाही."

"ढबीवर?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. मी पायातली दुसरी चप्पल काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"हो, ओरडायचे," मी म्हणाले. "रोज."

ढबीने मान हलवली. तिला ते माहीतच होतं.