पिसं सोलायची दुपार

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. सपाट माळरान, त्यावर गुडघाभर बर्फ, आणि मधोमध एकच लाकडी दुकान. पुढं मीठ, दिव्याचं तेल, नांगराचे फाळ. मागच्या खोलीत शेगडी पेटलेली, आणि लांबलचक टेबलाशी एक बाई बसलेली. दिसली? ती रोझाली. शेजारी तिची लेक, आपोलेना.

युरोपातला बोहेमिया सोडून ही मंडळी अमेरिकेत, नेब्रास्कात आली, त्याला काही वर्षं झाली होती. शेतकरणी साखरेच्या बदल्यात पाळीव हंसांची पिसं आणून देत, आणि रोझालीचा नवरा माटौश ती शहरात विकी. एक पोतं मात्र रोझालीनं मागं ठेवलं होतं, आपोलेनाच्या लग्नातल्या रजईसाठी. तिच्या माहेरी लेकीच्या रजईची पिसं सगळ्या आळीतल्या बायका मिळून सोलत. मधली दांडी टाकायची, मऊ तेवढं ठेवायचं. एकटीनं सोललेल्या पिसांत ऊब राहत नाही, असं तिची आई म्हणायची.

इथं सगळ्यात जवळची शेजारीण मैलभर लांब. दर हिवाळ्यात रोझाली बायकांना पिसं सोलायला यायला सांगून ठेवी, आणि दर हिवाळ्यात बर्फ आडवं येई.

माटौश आत डोकावला. "कुणी फिरकलं नाही ना? अगं, दे तेही पोतं. उद्या गाडी जुंपतोय."

"आजची दुपार थांबा. नाहीच कुणी आलं तर घेऊन जा."

"आणि पोरीची रजई?"

"लोकरीची घोंगडी देऊ. इथल्या मुली तेच नेतात." असं म्हणाली खरी, पण हातातलं पीस काही तिनं खाली ठेवलं नाही.

तो गेल्यावर आपोलेनानं विचारलं, "आई, तिकडं बायका काय बोलायच्या गं?"

"कुणाची सासू कशी, कुणाचा पाव करपला. तुझी आजी तळ्यातल्या भुताची गोष्ट सांगायची आणि स्वतःच घाबरून शेजारणीला चिकटायची."

"मी सांगू भुताची?"

"सांग, पण हळू. पिसं उडतात, शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायची असते."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात गुन्हिल्डबाई, ओढ्यापलीकडची नॉर्वेची शेतकरीण, आणि तिच्यामागून वारा. सकाळपासून सोललेला ढीग छतापर्यंत उडाला. पिसं रोझालीच्या केसांत, शेगडीवर, गुन्हिल्डबाईच्या भुवयांवर.

"तेल," ती मोडक्यातोडक्या भाषेत पुटपुटली. "मी फक्त तेल न्यायला आले." दार लावायचंही तिला सुचेना.

आता आई रागावणार, म्हणून आपोलेनानं अंग चोरलं. पण रोझाली हसत होती, डोळ्यांत पाणी येईतो.

"तिकडंही दरवर्षी कुणीतरी असंच दार उघडायचं," ती म्हणाली. "मग सगळ्याजणी मिळून तिला शिव्या घालायच्या."

सगळ्याजणी म्हणताना तिची नजर समोरच्या रिकाम्या बाकावर गेली आणि हसू ओसरलं. गुन्हिल्डबाईला यातलं काही कळलं नाही. आपलं चुकलंच, असं समजून ती जायला वळली.

मग आपोलेनानं काय केलं, सांगू? तिनं पळत जाऊन दार लावलं. गुन्हिल्डबाईच्या हातातली तेलाची बरणी काढून घेतली, तिला दंडाला धरून आईसमोरच्या बाकावर बसवलं, ओंजळभर पिसं तिच्यापुढं ठेवली, आणि एक पीस हळूच सोलून दाखवलं.