अठ्ठावीस फेब्रुवारीची साखळी

मी नेदरबी गावच्या शेतवाटेवरचे, ओकच्या लाकडाचे जुने फाटक आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फाटकाला कसली आली कहाणी? उघडायचे आणि मिटायचे! पण मला धड उघडताही येत नाही आणि धड मिटताही येत नाही, हेच तर माझे दुःख आहे. सुताराने मला घडवले आणि माझ्याभोवती अर्धचंद्रासारखा कठडा उभा केला. त्याच्या दोन टोकांमध्ये मी झुलते. इकडे ढकलले की या टोकाला थडकते, तिकडे ढकलले की त्या टोकाला. माणसाने कठड्यात शिरायचे, मला बाजूला सारायचे आणि पलीकडे निघायचे. गाईमेंढ्यांना हे जमत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. त्यांना अडवता यावे म्हणून मी जन्मभर कोंडलेले आहे.

माझ्यातून एका वेळी एकच माणूस जातो. त्यावरून गावात एक रीत पडली. पुढे गेलेल्याने मला धरून ठेवायचे आणि मागच्याने मुका दिल्याशिवाय त्याला सोडायचे नाही. टॉम प्लम्लीने एकोणीस वर्षांच्या हेस्टरला असेच अडवले होते. ती लटक्या रागाने म्हणाली होती, "सोड मेल्या, आई बघेल!" पुढे त्यांचे लग्न झाले. टॉम आता नाही. हेस्टर मात्र रोज येत राहिली.

माझ्या एका अंगाला नेदरबी, दुसऱ्या अंगाला ॲशकोम्ब. त्या जुन्या गावात दगडी चर्च आहे आणि चर्चला लागून म्हाताऱ्या माणसांसाठी चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या धर्मार्थ खोल्या आहेत. ते सगळे पाहायला दूरदूरचे प्रवासी माझ्यातून जातात. कुणी गळ्यात नकाशा अडकवलेले, कुणी ओला कुत्रा ओढणारे. एका गृहस्थांची पाठपिशवी माझ्यात अशी रुतली, की त्यांच्या बायकोने आधी फोटो काढला आणि मग त्यांना ओढले. पुष्कळ जण माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणतात, "किती जुनं आहे हो हे!" तेव्हा मला बरे वाटते.

हेस्टर मात्र पाहायला जात नसे. त्या खोल्यांपैकी एकीत तिची बहीण विनी राहते. विनी आता सगळ्यांना विसरली आहे, फक्त हेस्टरला ओळखते. हेस्टरने पाजला तरच चहा पिते.

आता साखळीची गोष्ट. ही जमीन हवेलीच्या मालकांची. लोकांना चालू द्यायला त्यांची ना नव्हती. पण वीस वर्षे कुणी न अडवता लोक चालत राहिले, तर ती वाट सर्वांची होते, असा कायदा आहे. म्हणून मालकांनी शक्कल काढली. दर वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत मला साखळी आणि कुलूप घालायचे, वर 'आज वाट बंद' अशी पाटी लावायची. एक दिवस वाट अडली की वीस वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे काम हवेलीचा रखवालदार विल्फ्रेड करी. त्या दिवशी माझ्या अंगावर ते थंड लोखंड पडले की मला गुदमरायला होई.

एका वर्षी त्याच दिवशी बेल्जियमहून लीव नावाची प्रवासी आली. ती मला ओलांडायला चढली, पाय घसरला आणि घोटा माझ्या दोन फळ्यांमध्ये अडकला. गारांचा पाऊस लागला होता. चार तास ती माझ्यात अडकून होती आणि मी तिच्यात. मला ना मिटता येत होते, ना उघडता. संध्याकाळी विल्फ्रेड साखळी काढायला आला, तेव्हा तिची सुटका झाली. तिचा घोटा मोडला होता. तो तिला पाठीवर घेऊन ॲशकोम्बला गेला आणि वाटभर रडला.

त्यानंतर तीन मालक बदलले. शेवटच्याला खिडकीसमोरून जाणारे चिखलाचे बूट खपेनात. त्याने वाट कायमची बंद करायचे ठरवले. गावाने परगण्याच्या कचेरीत तक्रार केली. मालक म्हणाला, "दर वर्षी साखळी घातलेली आहे. वीस वर्षं भरतातच कशी?" आणि त्याने विल्फ्रेडच्या हाती नवे, जाडजूड कुलूप दिले.

एप्रिलच्या एका सकाळी विल्फ्रेड ते घेऊन आला. तो कठड्यात शिरला, मागे हत्यारांची पेटी ठेवली आणि साखळीचे माप घेऊ लागला. तेवढ्यात पलीकडून हेस्टर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने मला दोन्ही हातांनी ढकलले आणि तशीच रेटून उभी राहिली. पुढे मी आणि मागे पेटी, असा विल्फ्रेड मध्येच अडकला.

"अगं हेस्टर, सोड! गुडघा चेंगरतोय माझा."

"चेंगरू दे. विनीकडे जायला मला मोटारींच्या रस्त्यानं तीन मैल हिंडावं लागेल. एखाद्या मोटारीखाली गेले की तुझा मालक पेढे वाटेल."

"मी चाकर माणूस गं. हुकूम आला की ऐकायचा."

"ऐकतच आलास की! इतकी वर्षं साखळी घातलीस तू. आज तीच साखळी दाखवून तो आमची वाट बंद करतोय."

विल्फ्रेडने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "त्या बेल्जियमच्या बाईनंतर एकवीस वर्षं मी कुलूप कधी लावलंच नाही. साखळी नुसती गुंडाळायचो. कुलूप एका टोकाला लोंबत असायचं. ढकललं असतंस तर साखळी गळून पडली असती."

"काय सांगतोस! दर वर्षी त्या दिवशी मी इथवर येऊन भिजत परत गेले की रे!"

"मग ढकलून का नाही बघितलंस?"

"पाटी होती ना!"

मित्रांनो, आमची माणसे अशी आहेत. पाटी दिसली की 'अरेरे' म्हणतात आणि शहाण्यासारखी मागे फिरतात. एकवीस वर्षे मला खरे ठाऊक होते. मी ओरडून सांगितले असते, पण कुरकुरण्यापलीकडे मला भाषा नाही.

"माझं एकट्याचं कोण खरं मानेल?" विल्फ्रेड म्हणाला. "त्या दिवशी कुणी गेलंच नाही म्हटल्यावर?"

हेस्टरने मला सोडले. "आपण नाही गेलो," ती म्हणाली. "पण ज्यांना पाटी वाचता येत नाही, ते?"

ती तडक चर्चमध्ये गेली. तिथे प्रवाशांनी नाव-गाव-तारीख लिहायची वही असते. जुन्या वह्या कपाटात होत्या. दोन दिवस ती पाने उलटत बसली.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. हेस्टरने मला नंतर सगळे सांगितले. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणीतरी लागते आणि मी कुठे जाणार होते! अठ्ठावीस फेब्रुवारीला माझ्यातून आलेल्या प्रवाशांच्या सहा नोंदी सापडल्या होत्या. पोर्तुगालच्या एका जोडप्याने आपल्या भाषेत लिहिले होते, "शेतातल्या फाटकातून आलो. इथे सणाला फाटकाला साखळी घालतात, फार गोड प्रथा आहे." सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंना हसू आवरेना.

मग विल्फ्रेड उभा राहिला. मालक समोरच बसला होता आणि विल्फ्रेडच्या डोक्यावरचे छप्परही त्याचेच होते. तरी त्याने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "एक बाई माझ्या कुलपापायी चार तास अडकली होती, बाईसाहेब. पुन्हा किल्ली फिरवायला हात धजला नाही."

वीस वर्षांहून जास्त काळ वाट एक दिवसही खरी अडली नव्हती, म्हणून ती सर्वांची झाली. जूनमध्ये विल्फ्रेडला घर सोडावे लागले. एकवीस वर्षांचे खोटे त्याला एका दिवसात फेडावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. पुढे त्याला ॲशकोम्बच्या त्या धर्मार्थ खोल्यांत जागा मिळाली, विनीपासून दोन दारे सोडून.

आता तो रोज हेस्टरला न्यायला माझ्यापर्यंत येतो. परवा ती पुढे निघाली आणि तो मागे राहिला, तर तिने मला धरून ठेवले.

"अगं, या वयात?" तो म्हणाला.

"रीत म्हणजे रीत. नाही तर राहा तिथेच."

तो लाजला. पण रीत पाळली गेली.

मी अजून त्या दोन टोकांमध्येच आहे आणि असेन. माझ्या पाठीवर साखळीचा चर पडला आहे, प्रवासी त्यावर बोट फिरवतात. मित्रांनो, चालणारी पावले थांबली की वाट मरते, म्हणून जुन्या वाटांवरून चालत राहा. आमच्या बिजागरीला अधूनमधून थेंबभर तेल द्या. आणि एखाद्या फाटकावर साखळी दिसली, तर मागे फिरण्याआधी त्याला एकदा हलकेच ढकलून बघा. पलीकडे कुणी विनी चहा न पिता बसलेली असेल.